ऑफिसातल्या कॉम्प्युटरचे अ‍ॅडमिन अधिकार काढताना

इंदूरच्या दवा बाजारात आमची औषधांची घाऊक विक्री आहे. ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळतो. बिलिंगपासून गोदामापर्यंत प्रत्येक लॉगिनला अ‍ॅडमिनचे अधिकार होते, कारण जुनं बिलिंग सॉफ्टवेअर त्याशिवाय उघडायचंच नाही. त्या एकापायी कुणीही काहीही इन्स्टॉल करू शकत होतं.

म्हणून आधी बिलिंगलाच हात घातला. प्रोसेस मॉनिटर (कुठला प्रोग्राम कुठल्या फाइलला हात लावतो ते दाखवणारं टूल) लावून पाहिलं, तर हा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समधल्या स्वतःच्या फोल्डरात डेटा लिहायला जातो आणि दर वेळी ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. साध्या युजरला विंडोज तिथे लिहू देत नाही. मी डेटा डी ड्राइव्हवर हलवला आणि फक्त त्या फोल्डरला ‘मॉडिफाय’, म्हणजे बदल करायची परवानगी, दिली. मूळ फोल्डरलाच परवानगी देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, पण मग आतली ईएक्सई, म्हणजे खुद्द प्रोग्रामची, फाइलही कुणालाही बदलता येते. साध्या लॉगिनवरून पहिलं बिल छापून आलं, तेव्हा खरा जीव भांड्यात पडला.

अकाउंट्समधल्या काकूंनी मात्र बजावलं, “११ तारखेला जीएसटीचा जीएसटीआर-१ रिटर्न भरायचा असतो, २० ला ३बी. ते होईपर्यंत माझ्या मशीनला हात लावू नकोस हं.” अगदी रास्त होतं. २० नंतरच बदल करायचे असं ठरलं, आणि सुरुवात शेठजींच्या लॉगिनपासून केली. ते लगेच हो म्हणाले, त्यामुळे आपल्यावर अविश्वास दाखवलाय असं कुणालाच वाटलं नाही.

नुसतं अ‍ॅडमिन काढून भागत नाही. बरेच प्रोग्राम युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात बसतात, त्यांना अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतच नाही. त्यासाठी अ‍ॅपलॉकर हे विंडोजमधलं, कोणते प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारं साधन घेतलं: विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांतलं चालेल, बाकीचं नाही. पण आधी ‘ऑडिट ओन्ली’. त्यात काही अडत नाही, फक्त इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ८००३ क्रमांकाची नोंद पडते. त्या नोंदींत काकूंचं डिजिटल सहीचं टूल सापडलं. थेट बंदी घातली असती तर रिटर्नच अडला असता. त्याला पब्लिशरच्या, म्हणजे ते बनवणाऱ्या कंपनीच्या, डिजिटल सहीवरून परवानगी दिली.

गोदामातल्या बारकोड लेबलच्या सॉफ्टवेअरवर कुणाचीच सही नाही. त्याला तूर्त फाइलच्या हॅशचा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाचा, नियम लावलाय. दर अपडेटला तो नव्याने करावा लागेल, आणि तो मी करीन. पण त्या मशीनला अ‍ॅडमिन परत देणार नाही.