शीड आणि शीट

रविवार, ७ डिसेंबर २०२५, रात्र

तळवे अजून चुरचुरताहेत, आणि डोळे मिटले की पलंग हलल्यासारखा वाटतो. हे ओसरायच्या आत लिहून ठेवते.

माझा जन्म गिरगावातला. समुद्र रोजचा. रेवसच्या लाँचमधून, मांडव्याच्या कॅटामरानमधून तो किती वेळा ओलांडला. पण तिथे आपल्याला कुणीतरी पलीकडे पोचवतं. वाऱ्यावरची बोट स्वतःच्या हातांनी चालवली ती आज, एक्केचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा.

क्लबात शिरताना पोटात गोळा होता. सगळे जुने, मुरलेले लोक असणार, आपल्याला कोण विचारतंय! पण साठीच्या एका ताईंनी माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः आवळून दिले. "पोहता येतं ना? मग या," एवढंच म्हणाल्या.

बोट लाकडी, सीबर्ड जातीची. मूळ आराखडा १८९८ सालचा, इंग्लंडातला. या बोटी मुंबईच्या बंदरात अजून धावतात. पहिला गोंधळ शब्दांचा झाला. शीड म्हणजे सेल, आणि ते आवरायची दोरी ती शीट! ताई "शीट सोडा" म्हणाल्या की मी वर शिडाकडे बघत बसायचे. त्या दर वेळी हसून माझा हात दोरीवर ठेवायच्या.

अकराच्या सुमारास वारा पडला. सकाळचा मतलई वारा संपला होता आणि खारा अजून आला नव्हता. भूगोलाच्या पुस्तकात दोन गुणांसाठी पाठ केलेले हे शब्द. त्या दोघांमध्ये असा निःशब्द तास असतो हे तेव्हा कुठे कळलं होतं? शीड ढिलं लोंबत होतं, पण बोट सरकत होती. गुरुवारी दत्तजयंतीची पौर्णिमा झाली, पाण्याला उधाणाची ओढ होती. उधाणाला इथलं पाणी साडेतीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं. गेटवे हळूहळू मागे गेला आणि घारापुरीचे डोंगर ठळक झाले.

मग पश्चिमेकडे पाणी काळसर झालं. "आला बघा," ताई म्हणाल्या. परतायचं होतं नेमकं त्या वाऱ्याच्याच तोंडावर. सरळ जाता येत नाही. वाऱ्याशी पंचेचाळीस अंशांच्या आसपास कोन धरून आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने, नागमोडी जायचं. वारा बाजूला ढकलतो, पाण्याखालचं पातं ते अडवतं, म्हणून बोट पुढे निसटते. सुकाणूचा दांडा माझ्या हातात होता. तो उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे वळते, हे हातांना पटायला बराच वेळ लागला.

एका झोतात बोट इतकी कलली की काठावरून पाणी आत आलं. मी घाबरून दोरी आणखी घट्ट ओढली. "सोडा, सोडा!" ताई ओरडल्या. सोडली. शीड फडफडलं आणि बोट सरळ उभी राहिली. इतकं साधं. थोड्या वेळाने पुन्हा झोत आला, तेव्हा त्या ओरडायच्या आधीच माझी मूठ सैल झाली होती. त्यांनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, नुसती मान डोलावली.

ती मान डोलावणं मला कितीतरी दिवस पुरणार आहे.

धक्क्यावर क्लबाच्या तांडेलांनी हात देऊन वर घेतलं. पुढच्या रविवारी दशमी, भांगाचं पाणी, म्हणजे उधाणाच्या उलट, ओढ कमी. निघतानाच सुकाणू माझ्याकडे देणार आहेत.