खाऱ्या हवेत जाम झालेले सस्पेन्शनचे बोल्ट

समुद्राजवळ उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं खरं वय बॉनेटवर दिसत नाही, ते खाली वाकून पाहावं लागतं. आमची छोटी हॅचबॅक माहीमला इमारतीच्या अंगणात छपराशिवाय असते. हिंदमाता आणि मिलन सबवेच्या पाण्यातूनही ती गेलेली आहे. हवेतलं मीठ ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पाऊस संपला तरी खालचं लोखंड पूर्ण सुकत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमधली बारीकशी फट तो भरून टाकतो आणि दोन्ही भाग एकमेकांत आवळून बसतात. नुसता जोर वाढवून काम का होत नाही, ते यावरून कळेल.

स्पीडब्रेकरवर पुढच्या डाव्या बाजूने खडखड यायला लागली होती. सस्पेन्शन म्हणजे चाकं गाडीला धरून ठेवणारी आणि धक्के झेलणारी जोडणी. त्यातला लिंक रॉड (बारीक जोडदांडा) ढिला झाला होता, लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचं) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलं होतं आणि शॉकॲब्सॉर्बरमधून तेल झिरपत होतं. हे सगळं घरीच, धाकट्या भावाला हाताशी घेऊन बदलायचं मी ठरवलं. सुटे भाग आणून ठेवणं सोपं होतं. कस लागला तो जुने बोल्ट सोडवताना.

आमच्या इमारतीत एक काका राहतात, बेस्टच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांना गाडीखाली डोकावायला सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फवारा कधीपासून मारतेस?" मी म्हटलं, "आज सुरू करणार, काका." ते म्हणाले, "मग आज पाना बाहेर काढू नकोस. आधी ब्रश घे." तारेच्या ब्रशने बोल्टचे उघडे आटे चकचकीत होईपर्यंत घासायचे, मग गंज सैल करणारा स्प्रे मारायचा, आणि पुढचे काही दिवस रोज संध्याकाळी तेच करायचं. पापुद्रे काढले नाहीत तर तेल वरच शोषलं जातं, आत पोचत नाही. डब्ल्यूडी-40 चा डबा घराघरात असतो, पण ते 1953 साली मुळात पाणी हटवण्यासाठी तयार झालं. हट्टी गंजासाठी खास आत शिरणारं तेल जास्त उपयोगी पडतं. काकांच्या काळात डिझेल वापरत, आणि तेही चालतं. मला विचाराल तर या सगळ्या कामात सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि नेमका हाच लोक गाळतात.

हत्यारांपैकी एका गोष्टीवर मी हट्टाने पैसे खर्च केले. नागदेवी स्ट्रीटवरून सहा कोनांची 17 नंबरची गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) आणि लांब दांडा आणला. बारा कोनांची गोटी नटाच्या कोपऱ्यांना धरते, सहा कोनांची बाजूंना. गंजून आधीच थोडा बारीक झालेला नट बारा कोनांत घसरतो, आणि एकदा कोपरे गेले की पुढचं सगळं काम दुप्पट अवघड होतं. दांड्याचं गणितही लक्षात ठेवण्यासारखं आहे. अर्धा मीटर लांबीवर 20 किलोचा जोर लावला की जवळपास 100 न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) मिळतात. लहान गाड्यांचे सस्पेन्शनचे मोठे बोल्ट साधारण एवढ्याच जोराने घट्ट केलेले असतात. गंजलेल्याला याच्या दुपटीहून जास्त लागू शकतो, म्हणून दांड्यावर पाइप चढवून लांबी वाढवतात.

एवढा जोर लावताना गाडी हलते, त्यामुळे तिला नीट टेकवणं हा जिवाचा प्रश्न आहे. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. आमच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत आणि ते वजनाखाली बसतात. म्हणून जॅक स्टँडखाली (उचललेली गाडी ज्यावर टेकवतात त्या लोखंडी घोड्याखाली) जाड प्लायवूडच्या फळ्या ठेवल्या, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि काढलेलं चाकही गाडीखाली सरकवून ठेवलं. दांडा ओढतानाही बोटं गाडीच्या बाजूला येणार नाहीत अशी उभी राहिले. नट अचानक सुटतो तेव्हा हात पुढे जातो, त्या वाटेत पत्रा नसावा.

लिंक रॉडचा नट आधी घेतला. नट फिरला की आतली पिन पण सोबत फिरते, ती एल-कीने धरावी लागते. आमच्या लिंकच्या पिनेतलं भोक गंजाने भरलेलं होतं, की बसेचना. जुना लिंक भंगारातच जायचा होता, म्हणून वेळ न घालवता नट करवतीने कापला. जो भाग परत वापरायचा नाही त्याच्यावर माया करू नये. शॉकॲब्सॉर्बर आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या बोल्टांची गोष्ट वेगळी. त्यांच्या डोक्याखाली बारीक दाते असू शकतात, म्हणून बोल्टचं डोकं धरून ठेवायचं आणि फिरवायचा तो नट. दांड्याला जागा मिळावी म्हणून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून घेतलं. हे नट पहिल्या जोरदार ओढीत कुरकुरले आणि निघाले. ब्रश आणि तेलाची पुण्याई!

लोअर आर्मच्या आडव्या बोल्टने मात्र खरी परीक्षा घेतली. नट निघाला. भाऊ बोल्टच्या डोक्यावर पाना लावून ओरडला, "ताई, फिरतोय, फिरतोय!" पण पाना सोडला की बोल्ट रबरासारखा परत मागे यायचा. काकांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा आट्यात नाही अडकलाय. बुशच्या आतल्या नळीला चिकटलाय." बुशच्या मधोमध लोखंडी नळी असते, बोल्ट तिच्यातून जातो, आणि दोन्ही गंजून एक झाले होते. पाना फिरवला की रबर पिळलं जायचं आणि सोडला की ते पूर्वपदावर यायचं. अशा वेळी आट्यांवर कितीही तेल ओता, ते चुकीच्या जागी जातं.

तेल नळीच्या दोन टोकांना द्यायला लागलो. बोल्टच्या टोकावर नट परत थोडा चढवला, म्हणजे हातोडीचा घाव आट्यांवर न बसता नटावर बसेल, आणि तांब्याच्या तुकड्यावरून ठोकायला सुरुवात केली. घावांचे हादरे गंजाला तडे पाडतात. मधूनच बोल्ट थोडा घट्ट करण्याच्या दिशेने फिरवायचा, मग उलट, मग परत तेल. दुपारी दोन ते चार हातोडी बंद, कारण इमारतीत म्हातारी माणसं झोपलेली असतात. आच देण्याचा विचार मनात आला होता. गरम झालेला नट फुगतो आणि पकड सोडतो हे खरं आहे, गॅरेजवाले तेच करतात. पण इथे शेजारी रबर, ब्रेकचा होज आणि गॅस भरलेला शॉकॲब्सॉर्बर, त्यात सगळीकडे फवारलेलं ज्वलनशील तेल. घरच्या अंगणात ज्योत पेटवायची नाही यावर मी ठाम होते आणि काकांनीही मान डोलावली.

शेवटी संध्याकाळी उजेड कमी होत असताना बोल्ट तसूभर मागे सरकला. त्यानंतर जाड पंच लावून तो बाहेर काढला. मधला भाग काळाकुट्ट आणि खड्ड्याखड्ड्यांचा झाला होता. असा बोल्ट परत घालायचा नाही. नवा बोल्ट आणि नवा नट आणला, नळीत शिरणाऱ्या गुळगुळीत भागावर जलरोधक ग्रीस लावलं आणि आटे कोरडेच ठेवले, कारण ग्रीस लागलेले आटे त्याच जोरात जास्त ताणले जातात.

जोडतानाची एक गोष्ट आवर्जून सांगते. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. चाक लटकलेलं असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवं बुश लवकर फाटतं. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) शेवटचं घट्ट करायचं. शॉकॲब्सॉर्बर सुटला की चाकाचा कोन हलतोच, म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी सावकाश चालवत अलाइनमेंट करून घेतली.

खडखड गेली आहे. उजव्या बाजूचे बोल्ट तितकेच जुने आहेत, पण तिथलं बुश अजून शाबूत आहे. पावसाळ्याआधी तेही एकेक काढून, साफ करून, ग्रीस लावून परत बसवणार आहे. ब्रश फिरवून तेल मारायला कालपासून सुरुवात केली.