स्टॉलवर उघडलेले सील

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहान कारखान्याने दोन वर्षे खपून तयार केलेले, पंपाच्या शाफ्टभोवतीची (फिरत्या दांड्याभोवतीची) गळती रोखणारे, एकत्र जोडूनच मिळणारे कार्ट्रिज मेकॅनिकल सील बडोद्यातल्या एका औद्योगिक प्रदर्शनात प्रथमच लोकांसमोर येणार होते. जुन्या ग्लँड पॅकिंगमध्ये शाफ्टभोवती दोरी दाबून बसवतात, आणि ती थंड राहावी म्हणून थोडी ठिबक मुद्दाम चालू ठेवावी लागते. पंपात पाणी असेल तर ते चालते. पण बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांत जमिनीवर ठिबकणारे ते आम्लही असू शकते. मेकॅनिकल सीलमध्ये एक कडी शाफ्टबरोबर फिरते आणि दुसरी स्थिर राहते. आमच्या सीलमध्ये त्यांतली एक कार्बनची आणि दुसरी सिलिकॉन कार्बाइडची आहे. त्यांच्या तोंडांमध्ये जेमतेम एका मायक्रॉनच्या आसपास द्रवाचा पापुद्रा राहतो, म्हणून ती तोंडे किती सपाट आहेत हे हेलियमच्या प्रकाशात त्यांवर दिसणारे पट्टे मोजून तपासावे लागते. एक पट्टा म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रॉन, आणि आम्ही दोन पट्ट्यांपलीकडची कडी बाजूला काढत होतो.

पहिल्या दिवशी साडेदहाला मी स्टॉलवरचा पंप सुरू केला. मिनिटाला २९०० फेऱ्या, भोवती वीसेक माणसे, आणि काही क्षणांतच ग्लँडखालून, म्हणजे सीलच्या पंपाला आवळलेल्या चकतीखालून, पाण्याची धार. मी बटण बंद केले. आमचे भागीदार हळूच म्हणाले, ‘‘वरून कापड टाकू या, जेवणाच्या सुट्टीत बघू.’’ सल्ला वाईट नव्हता. परंतु जे सील लोकांनी आपल्या कारखान्यात बसवावे असे आम्ही म्हणत होतो, ते त्यांच्यादेखत उघडण्याची मला भीती वाटावी, हे मला पटेना. मी पाना मागवला.

दोन्ही कड्या निर्दोष निघाल्या. कार्ट्रिज सीलमध्ये स्प्रिंग नेमकी दाबलेली राहावी म्हणून स्लीव्ह (शाफ्टवर चढणारी नळी) आणि ग्लँड यांच्यातले अंतर सेटिंग क्लिपा धरून ठेवतात. ग्लँडचे नट आणि मग स्लीव्ह शाफ्टला जखडणारे ग्रब स्क्रू आवळल्यावरच त्या काढायच्या असतात. आमच्या तरुण फिटरने आदल्या रात्री घाईत त्या आधीच काढल्या होत्या. स्लीव्ह सरकली आणि स्प्रिंगचा दाब गेला. तेवढ्यात गर्दीतले एक वयस्क गृहस्थ पुढे आले. ते एका रासायनिक कारखान्यात फिटर होते. क्लिप हातात घेऊन ते मराठीतच म्हणाले, ‘‘साहेब, पोरावर रागावू नका. ही क्लिप स्टीलची, बाकी सगळं स्टीलचं. रात्रपाळीला बॅटरीच्या उजेडात मलाही ती वेगळी दिसणार नाही.’’

आजही मला वाटते, त्या प्रदर्शनातला सर्वांत मोलाचा शब्द तोच होता. कड्यांच्या सपाटीसाठी आम्ही दोन वर्षे घालवली, पण सील बसवणाऱ्याच्या हाताचा विचार आमच्या रेखाचित्रात कुठेच नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही सर्व क्लिपांना लाल रंग दिला, आणि ग्लँडवर १, स्क्रूवर २, क्लिपेवर ३ असे आकडे कोरले.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. मी म्हणालो, ‘‘काका, आता तुम्हीच बसवा.’’ त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आकडे बोटाने चाचपले आणि कुणालाही न विचारता सील बसवले. पंप तासभर चालला. खाली पसरलेला पांढरा कागद कोरडाच होता. जाताना त्यांनी तो घडी करून मागून घेतला, आपल्या मेंटेनन्स साहेबांना दाखवण्यासाठी.