शेऱ्याचा रकाना

शाळा बंद झाली की तिचं सामान ताब्यात घ्यायला शिक्षण खात्याचा माणूस जातो. गेल्या जूनमध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरचं, म्हणजे छोट्या वस्तीवरचं, ते काम माझ्याकडे आलं. मी यूडीसी, म्हणजे खात्यातला वरिष्ठ लिपिक. टिकाऊ सामानाची नोंदवही, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर, पडताळायचं, बाकं-फळे मोजायचे, दप्तर गठ्ठ्यात बांधून ऑफिसात आणायचं. शेवटच्या वर्षी पटावर तीन मुलं उरली होती, तीही आता बसने वाळपईला जाणार होती.

एकच खोली. चिऱ्याच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, कोपऱ्यात पहिल्या पावसाचं पाणी ठिबकत होतं. मी यादी करत असताना गावातली माणसं एकेक करून व्हरांड्यात येऊन बसली. कुणी काही बोलेना. मी हातांची जुनी खुर्ची बाहेर काढली तेव्हा एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "सायब, ती कदेल व्हरू नाकात. मास्तरांची ती."

खुर्चीचं सोपं होतं. भागशिक्षणाधिकाऱ्यांना फोन लावला, पंचायतीचं पत्र घेऊन ती गावात ठेवायला त्यांनी परवानगी दिली. मग मी मुलांच्या दाखल्यांच्या नोंदींचं जनरल रजिस्टर उघडलं आणि पुढचे चार तास तिथेच बसलो.

पहिली नोंद जून १९६४ ची. गोव्याच्या मुक्तीला अडीच वर्षं झाली होती आणि पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढायचा सपाटा लावला होता. त्याआधी सरकारी शिक्षण म्हणजे पोर्तुगीज. मराठी अक्षरं गिरवायची ती देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, नाहीतर कुणाच्या ओसरीवर, गावाने वर्गणी काढून आणलेल्या मास्तरांपुढे. या वाड्यावर तेवढंही नव्हतं. सावंतवाडीकडून आलेले हे मास्तर पहिले. पावसाळ्यात व्हाळाला पाणी चढलं की मुलांना खांद्यावर घेऊन पलीकडे सोडत, असं व्हरांड्यातल्या तिघांनी तरी मला सांगितलं.

जुन्या रजिस्टरांत मी जन्मतारखांचे रकाने खूप पाहिलेत. एक जून, एक जून, एक जून. पालकांना तारीख ठाऊक नसायची, मास्तर शाळा सुरू व्हायचा महिना टाकून मोकळे होत. त्यांना दोष देत नाही मी, एका दिवसात तीस-चाळीस पोरं दाखल करायची असत. पण या रजिस्टरात तसं नव्हतं. प्रत्येक मुलाची तारीख वेगळी, आणि ती कुठून आली हे शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलेलं. 'चवथीची माटोळी बांधली त्या दिवशी. आईचे सांगणे. शेजारणीस विचारून खात्री केली.' माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची आरास. 'शिगम्याचे रोमट निघण्याच्या आदल्या रात्री.' रोमट म्हणजे शिगम्याची मिरवणूक. एका मुलापुढे, 'हद्दीवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला त्यानंतर तीन महिन्यांनी.' म्हणजे १५ ऑगस्ट १९५५ पासून मास्तरांनी महिने मोजले होते.

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेऱ्याचा रकाना तपासणीत कुणी वाचत नाही, मीही इतकी वर्षं वाचला नव्हता. पण दाखल्यावरची ती तारीख माणसाला जन्मभर पुरते. नोकरी, रेशनकार्ड, पेन्शन सगळं तिच्यावर चालतं. घरोघर जाऊन, आयांना बोलतं करून त्या माणसाने चाळीसेक मुलांना खरा वाढदिवस मिळवून दिला होता.

माटोळीवाली मुलगी व्हरांड्यातच बसली होती. आता सत्तरीला टेकलेली आजी. मी तिचा शेरा वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मग ओला हात पदराला पुसून तिने त्या शाईवर बोट ठेवलं आणि ते कपाळाला लावलं. त्यानंतर मात्र सगळेच आत आले. "माझा बघ", "आमच्या दादाचा बघ". ढग भरून आले, वीज आधीच तोडलेली, आम्ही मोबाइलच्या उजेडात पानं उलटत होतो.

५ सप्टेंबरला शिक्षकांचा सत्कार होतो, त्याची पत्रं दरवर्षी मीच टाइप करतो. शाल, श्रीफळ, मानपत्र. ते व्हायलाच हवं, शिक्षकाला समाजाने उभं राहून नमस्कार केलाच पाहिजे, असं मी मनापासून मानतो. या मास्तरांना ती शाल कधी मिळाली का, हे गावात कुणाला सांगता आलं नाही. बदली झाली, ते गेले, एवढंच. पण त्यांची खुर्ची गावाने साठ वर्षं मोडू दिली नव्हती. एक पाय दोनदा बदललेला दिसत होता.

आमचा ड्रायव्हर मघापासून हॉर्न वाजवत होता, पाणी वाढलं तर रस्ता बंद होईल म्हणून. शेवटी चिडून आत आला. माणसांची गर्दी पाहून जरा थांबला आणि हळूच म्हणाला, "माझी आई याच वाड्यावरची. बघता?"

मी पानं मागे घेतली. सापडली. दाखल १९६६, दुसरीतून शाळा सोडली. शेरा: 'धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी ठेवली. तीन वेळा घरी जाऊन आलो.' आणि त्याच्याखाली, वेगळ्या शाईत, 'पुन्हा गेलो.'

त्याने ते दोनदा वाचलं, मोबाइलवर फोटो काढला. मग गाडीकडे न जाता व्हरांड्याच्या खांबाला टेकून त्याने आईला फोन लावला.