काथ्यासारखे हात

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं. ‘आठवणी लिहून पाठवा’ ही ओळ वाचली आणि डोळ्यांसमोर एकट्या मराठीच्या बाईच आल्या. बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी.

१९८७ साल, आठवी ब. अलंकार चालू होते. बाई म्हणाल्या, “मुखचंद्र, कमलनयन पुस्तकात राहू देत. घरातली उपमा सांगा.” मी उठून म्हटलं, “माझ्या आईचे हात काथ्यासारखे खरखरीत आहेत.” वर्ग हसला. आई चार घरची धुणीभांडी करायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी खाली बसणार, तोवर बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलंसुद्धा. हात हे उपमेय, काथ्या उपमान, ‘सारखे’ साम्यवाचक शब्द, खरखरीतपणा हा साधारणधर्म. “चारही अंगं आहेत. याला पूर्णोपमा म्हणतात,” त्या म्हणाल्या.

मग तासभर तेच एक वाक्य. ‘आईचे हात जणू काथ्याच’, ही उत्प्रेक्षा. ‘हे हात नव्हेत, हा काथ्याच’, ही अपन्हुती. ‘काथ्याहूनही खरखरीत’, हा व्यतिरेक. हसलेली मुलंच आता चढाओढीनं सांगत होती. शेवटी बाईंनी विचारलं, “अनन्वय?” कुणाला येईना. मी म्हटलं, “आईचे हात आईच्या हातांसारखेच.” बाईंनी तेही लिहिलं आणि खाली ‘पुसू नये’ असं लिहून गेल्या. दोन दिवस ते तसंच होतं. गणिताच्या सरांनीही उरलेल्या जागेत गणितं सोडवली.

आज मी डोळ्यांची डॉक्टर आहे. शिबिरात आजीआजोबा येतात आणि म्हणतात, “डोळ्यावर पडदा आलाय, खरवडून काढा.” मी सांगते, “आजी, वर काही आलेलं नाही. आतलं भिंग खिडकीच्या काचेसारखं असतं, ते आता दुधी काचेसारखं झालंय. ते काढून नवं बसवायचं.” त्यांना लगेच पटतं. उपमा देताना साधारणधर्म तपासायची सवय बाईंची. ‘मोतीबिंदू’ या नावातच केवढी उपमा आहे! पूर्ण पिकला की बाहुलीत खरोखर मोत्यासारखा पांढरा दिसतो.

माझी भाची ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा लिहून मोकळी होते. स्वतःचं एक वाक्य करून आण, असं तिला कुणी सांगितलेलं नाही. फार वाईट वाटतं.

कार्यक्रमाला बाई येणार आहेत, असं कळलं. मी आईला घेऊन येते आहे. कामामुळे तिला पालकसभेला कधीच येता आलं नाही, त्यामुळे दोघींची भेट अजून व्हायची आहे.