तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी कुटून दिली तर चालेल का?

मी औषधाच्या कंपनीत फॉर्म्युलेशनचं काम करते, म्हणजे सापडलेल्या औषधाची गोळी कशी घडवायची ते बघते. बडोद्यात हे एकदा कळलं की खंडेराव मार्केटात भाजी घेताना असो, गणपतीच्या आरतीनंतर असो, नाहीतर लग्नाच्या पंगतीत, प्रश्न ठरलेला: "ताई, सासूबाईंना गोळी गिळवत नाही. कुटून मधातून दिली तर चालते ना?"

साधी गोळी असेल तर बहुतेक वेळा चालते. काही गोळ्या मात्र कुटल्या की औषध वाया जातं, आणि काही कुटल्या तर पेशंटला दवाखान्यात न्यायची पाळी येते. पंचाईत अशी की या तिन्ही जातींच्या गोळ्या दिसायला अगदी सारख्या असू शकतात.

विचारणाऱ्यांना मी हसत नाही. आपल्या घरांत औषध म्हणजे उगाळायची वस्तू. वैद्यांची मात्रा सहाणेवर उगाळायची, बाळगुटीचे वेढे मोजायचे, मधातून चाटवायचं. पुढे डॉक्टर आले तरी त्यांचा कंपाउंडर खलात गोळ्या घोटून पुड्या बांधायचाच. अलेंबिक ही औषधांची कंपनी आमच्या बडोद्यात 1907 साली सुरू झाली, ओळखीपाळखीत कुणी ना कुणी औषध कंपनीतलं असतंच, तरी स्वयंपाकघरातला खलबत्ता काही सुटलेला नाही. आणि जितकं बारीक तितका गुण, हा हिशोब अगदीच खोटा नाही. नायट्यावर देतात ते ग्रिझिओफुल्व्हिन पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचे कण मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजावे इतके बारीक केल्यावर जवळजवळ निम्म्या डोसात काम भागायला लागलं. म्हणजे उगाळणाऱ्या आज्या आमच्याच धंद्यातल्या.

पण आता निम्मं औषध गोळीच्या घडणीत असतं. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलची गोळी घ्या. हे औषध पोटातल्या आम्लात टिकतच नाही. म्हणून गोळीवर असा लेप देतात की तो जठरात तसाच राहावा आणि पुढे आतड्यात, पीएच साडेपाचच्या वर गेला की, विरघळावा. (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा चढला की आंबटपणा कमी.) पूर्वी या कामाला चक्क लाखही वापरत. आमच्या प्रयोगशाळेत अशी गोळी 37 अंशांवर हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास ठेवतात. लेपाला एक चीर दिसली तरी बॅच नापास. मग पीएच 6.8 च्या द्रावणात टाकली की ती सुटायला लागते. हीच गोळी तुम्ही बत्त्याने कुटलीत तर लेपाचा चुरा होतो आणि औषध जठरातच संपतं. अपाय फारसा नाही, फक्त सासूबाईंची जळजळ तशीच राहते आणि डॉक्टरांना वाटतं डोस कमी पडतोय. (पोट साफ व्हायची बायसाकोडिलची गोळी दुधाबरोबर देऊ नका. दुधाने जठरातलं आम्ल सौम्य होतं, लेप तिथेच सुटतो आणि पोटात मुरडा येतो.)

खरी काळजी लांबवलेल्या गोळ्यांची, म्हणजे औषध एकदम न सोडता तासन्‌तास हळूहळू सोडणाऱ्या. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एक्सएल, रिटार्ड असलं काहीतरी लिहिलेलं असतं. या अक्षरांना काही शिस्त नाही, ज्याला जे आवडलं ते त्याने छापलं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन एसआरमध्ये एचपीएमसी नावाचं द्रव्य असतं. चाचणीच्या काचपात्रात 900 मिली द्रावण, वर संथ फिरणारं वल्हं, खाली ही गोळी. थोड्याच वेळात तिच्याभोवती सब्जाच्या बीला येतो तसा बुळबुळीत थर येतो. औषधाला त्या थरातून वाट काढत यावं लागतं. आम्ही तासातासाला नमुना काढतो, आकडा सावकाश चढत जातो आणि दिवस मावळला तरी गोळीचा गाभा पात्रात बसलेलाच असतो. कुटलेल्या गोळीला असा थर धड धरत नाही. दिवसभराचं औषध एकदम सुटतं आणि संध्याकाळसाठी काही उरत नाही.

मेटफॉर्मिनच्या बाबतीत बहुधा मळमळ आणि जुलाबांवर निभावतं. रक्तदाबाच्या निफेडिपिनशी मात्र खेळू नये. एकेकाळी बीपी फार चढलं की निफेडिपिनची साधी कॅप्सूल फोडून जिभेखाली देत. रक्तदाब इतक्या झपाट्याने पडायचा की पक्षाघात आणि हार्ट अटॅकच्या नोंदी झाल्या, आणि 1990च्या दशकात ही पद्धत बंद करा असं डॉक्टरांना बजावण्यात आलं. रिटार्ड गोळी कुटून मधातून चाटवणं म्हणजे तोच प्रकार घरी करणं, आणि तोही दिवसभराच्या डोसाचा.

उलट बाजूचे फोनही येतात. "ताई, गोळी जशीच्या तशी बाहेर पडली हो, पैसे पाण्यात गेले." नाही गेले. काही लांबवलेल्या गोळ्यांचं कवच विरघळण्यासाठी नसतंच. त्याला लेसरने बारीक भोक पाडलेलं असतं, आत पाणी शिरतं आणि फुगणारं द्रव्य औषधाला त्या भोकातून बाहेर ढकलतं. शौचात दिसतं ते रिकामं कवच.

अर्धी करून? मधे खाच असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर. मेटोप्रोलॉलच्या काही लांबवलेल्या गोळ्या खाचेवर मोडता येतात, कारण आत शेकडो बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचा लेप असतो. मोडली तरी दाणे शाबूत राहतात. चावली किंवा कुटली तर नाही.

मग गिळवत नसेल त्यांनी करायचं काय? डॉक्टरांना सरळ सांगा. ही गोष्ट लोक का लपवतात, देव जाणे. पातळ औषध, पाण्यात विरणारी गोळी, किंवा एसआरऐवजी दिवसातून दोन-तीनदा छोटी साधी गोळी, यातलं काहीतरी बऱ्याचदा निघतं. बदल मात्र डॉक्टरांनीच करायचा. कॅप्सूल घेताना मान मागे टाकू नका. ती पाण्यावर तरंगते, म्हणून घोट तोंडात धरून मान पुढे झुकवून गिळायची. हायडलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली हे तपासून प्रसिद्ध केलं आणि गिळायला त्रास होणाऱ्या बऱ्याच जणांना त्याचा उपयोग झाला. पाणी पितानाच ठसका लागत असेल, विशेषतः पक्षाघातानंतर, तर हे प्रयोग घरी नकोत.

आमच्या धंद्यावरचा माझा राग एकच आहे. नवी जेनेरिक गोळी, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीने बनवलेलं, मूळ गोळीसारखीच काम करते का, हे पाहायला धडधाकट माणसं बोलावतात, रात्रभर उपाशी ठेवतात आणि 240 मिली पाण्याबरोबर गोळी देतात. तुलना स्वच्छ व्हायला ते बरोबरच आहे. पण मेटफॉर्मिन एक हजार एसआरची गोळी जवळजवळ दोन सेंटिमीटर लांब असते, आणि जिचं तोंड कोरडं पडलंय, जी दोन घोटांवर थांबते, त्या ऐंशीच्या बाईला त्या खोलीत कुणी बोलावत नाही. "कुटू नये" ही सूचना असलीच तर मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. ती मोठ्या अक्षरांत, मराठी-गुजरातीत छापायला कितीसा खर्च येणार?

तोवर मला विचारत जा, माझी ना नाही. पण "ती पांढरी, लांबट गोळी" एवढ्यावर मला काही सांगता येत नाही. आठवड्याच्या डबीत गोळ्या भरल्या तरी गोळ्यांची पट्टी टाकू नका, आणि मेडिकलवाला कापून देत असेल तर नाव असलेला तुकडा मागून घ्या. फोटो पाठवाल तो चांदीच्या बाजूचा, नावाचं शेपूट दिसेल असा. एसआर की एक्सएल, ते तिथेच लिहिलेलं असतं.