पालेभाजी आली, पण गाडी लागेना: माझा अनुभव

बेळगावजवळ कडोलीच्या बाजूला आमचं शिवार आहे. भात निघाल्यावर दोन गुंठ्यांत मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर केली. मेथी चौथ्या दिवशी उगवली आणि महिन्याच्या आत काढणीला आली. तिथवर काहीच अडलं नाही. अडलं ते काढल्यानंतर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला जाते, तिथं दर बरा मिळतो. म्हणून एका एजंटाकडे माल द्यायचं ठरवलं. "सहाला गाडी भरते, वेळेत या," एवढंच त्यानं सांगितलं. मी दुपारी बारापासून मेथी उपटायला लागले. सासूबाई पेंड्या बांधत होत्या. २८० पेंड्या दोन पोत्यांत दाबून भरल्या, तोंडं आवळली आणि साडेपाचला आम्ही हजर.

सहाला गाडीच नव्हती. सात वाजता आली, तर आधी कोबी चढला. मग ढबू मिरची, मग फ्लॉवर. दर वेळी विचारलं की एकच उत्तर: "भरायल्या की गाडी, थांबा." नऊ वाजता मला राहवेना, पोतं सोडून आत हात घातला. आत चक्क गरम लागलं, नुकतं उतरवलेल्या भाताच्या भांड्यासारखं. आमची पोती चढली तेव्हा साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी हिशेब आला: ११० पेंड्या पिवळ्या, त्यांचे पैसे कापले.

जड माल खाली आणि पाला सगळ्यात वर, नाहीतर तो चेंगरतो, हे बरोबरच आहे. पण मग पाला आणणाऱ्याला सहाला का बोलवायचं? कोबी रात्रभर थांबला तरी त्याला काही होत नाही. सगळ्यात लवकर खराब होणारा माल ज्याचा, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ ताटकळत ठेवलं जातं. शेवटी चढवायचं तर शेवटी बोलवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्या रात्री शेजारी शेपूचे क्रेट घेऊन एक आक्का बसल्या होत्या. त्यांनीच सांगितलं, "पोत्यात आवळलास तर पाला आतल्या आत शिजतो गं." खरंच आहे ते. उपटल्यावरही पान श्वास घेत राहतं, त्यातून ऊब निघते. दाबलेल्या ढिगातून ती बाहेर जात नाही आणि मधल्या पेंड्या आधी पिवळ्या पडतात. शिवाय मी भर उन्हात काढलेली, म्हणजे शेतातली उष्णताही सोबत नेली.

आता मी सकाळी काढते, दंव वाळल्यावर पण ऊन तापायच्या आत. आदल्या दिवशी हलकं पाणी दिलेलं असलं की मुळं सहज सुटतात आणि पानं ताठ राहतात. मुळांची माती झटकायची, धुवायची नाही. ओला पाला दाबला गेला की दुसऱ्या दिवशी चिकट होतो. पेंड्या सैल बांधून सोप्यात, म्हणजे पडवीत, सावलीला, मुळं खाली करून उभ्या ठेवायच्या. मुळांखाली ओलं गोणपाट, वर पातळ ओलं धडपं. न्यायचं ते क्रेटमधून, आणि एकावर एक रचायचं नाही.

आणि एजंटाला फोन करायचा नाही! गाडी भरणाऱ्या हमालाला विचारायचं, "कोबी चढला काय?" तो हो म्हणाला की निघायचं.

एक राहिलंच. काढणी जवळ आली की पाला हिरवागार दिसावा म्हणून युरिया टाकतात. मीही टाकला होता. त्यानं पान लुसलुशीत होतं, पण टिकत नाही. आता शेवटचे दहा-बारा दिवस काहीच टाकत नाही.

कोथिंबिरीचे धणे रगडून दोन फाकी करून, रात्रभर भिजवून पेरा. आठ-दहा दिवस उगवत नाही, वाफा मोडू नका. पालक उपटायचा नाही, दोन बोटं ठेवून कापायचा. पंधरा-वीस दिवसांत परत येतो.

घरी ठेवायची मेथी मुळं कापून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवते. पाच-सहा दिवस चांगली राहते. जवळ पिकलेली केळी किंवा टोमॅटो ठेवला तर लवकर पिवळी पडते. जास्त झालेली मेथी सावलीत वाळवून बरणीत भरते, उन्हात वाळवली तर रंग जातो.

मागच्या गुरुवारी गाडी परत उशिरा भरली, दहा वाजून गेले होते. मी क्रेटमध्ये मध्यापर्यंत हात घालून बघितला. पाला गार होता. २४० पेंड्या गेल्या आणि २४० पेंड्यांचे पैसे आले.